८५ एमएमची लेन्स आणि तबलजींचा डावा हात

कॅनन ईएफ ८५ एमएम एफ/१.८ यूएसएम. खोक्यावर एवढं नाव असतं म्हणे. माझ्याकडे खोकं आलंच नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत पुण्यातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून ही लेन्स जुनी घेतली, साडेसतरा हजारांना, आणि त्यानं ती मला पायमोज्यात घालून दिली. मोजा धुतलेला होता, एवढं त्याच्या बाजूनं सांगते. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं गेले, संध्याकाळच्या हुतात्मानं परत आले. कुर्डुवाडी येईपर्यंत मोजा तीनदा उघडून झाला. तिसऱ्यांदा मोबाईलचा टॉर्च आत मारला तेव्हा काचेच्या कडेला बुरशीचा एक बारीक तंतू दिसला, कोळिष्टकातला एखादा धागा असावा तसा. डब्यात माणसं होती म्हणून रडले नाही. तो धागा आजही तिथंच आहे, तेवढाच आहे, आणि सहा वर्षांत एकाही फोटोत दिसलेला नाही. सोलापूरची कोरडी हवा आमच्या ओठांना आणि टाचांना जाचते, लेन्सला मात्र मानवली.

आता मी कोण, ते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. समोर आकडे आणि भिंतीपलीकडं मागांचा खडखडाट, असा दिवस जातो. वडील बुधवार पेठेतल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मी पाचवी ते दहावी तबला शिकले, मग बोर्डाची परीक्षा आली आणि तबला माळ्यावर गेला तो तिथंच राहिला. फोटोचं वेड चाळिशीनंतरचं. वर्षाला पंधरा-वीस गाण्याचे कार्यक्रम टिपते, बहुतेक फुकट, दोन-चार पैसे घेऊन.

म्हणजे हे परीक्षण प्रयोगशाळेतलं नाही. विटांच्या भिंतीचा फोटो काढून कोपरे किती धारदार येतात हे मी कधी तपासलं नाही. गाण्याच्या कार्यक्रमात कोपऱ्यात काळा पडदा असतो. तो धारदार येऊन कुणाचं भलं होणार आहे?

ही लेन्स घ्यावी लागली ती अंधारामुळं. नाट्यगृहात बसलेल्याला स्टेज लख्ख दिसतं, कारण डोळा सरावतो. कॅमेऱ्याचं तसं नाही. माझ्या पहिल्या साध्या कॅमेऱ्यासोबत १८-५५ ची झूम आली होती. ती लांब ओढली की अपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक, एफ/५.६ वर येऊन बसायचं. हा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. एफ/१.८ आणि एफ/५.६ यांत प्रकाशाचा फरक जवळपास दहापट आहे. झूमला जिथं सेकंदाचा विसावा भाग शटर उघडं ठेवावं लागायचं, तिथं हिला दोनशेवा भाग पुरतो. विसाव्या भागात तान घेणाऱ्याची मान हललेली असते आणि तबलजीच्या बोटांचा तर धूर होतो. पहिल्या वर्षाचे माझे सगळे फोटो असे धुराचे आहेत. वडिलांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, "उदबत्ती लावली होती काय स्टेजवर?"

फ्लॅश हा उपाय नाही. गाणारा माणूस डोळे मिटून षड्जाशी बसलेला असताना त्याच्या तोंडावर वीज पाडायची, हे मला बघवतही नाही आणि करवतही नाही. शिवाय फ्लॅशनं मागचा पडदा, वायरी, पाण्याची बाटली, सगळं एका रेषेत उजळतं. तिकडचे लोक रॉकच्या कार्यक्रमांना फोटोग्राफरला पहिली तीन गाणी देतात, फ्लॅशशिवाय, आणि मग बाहेर काढतात. आपल्याकडं असला नियम कुणी लावत नाही. पण पहिली तीन गाणी म्हणजे ख्यालात काय धरायचं? तिथं तर पहिला तासभर एकच राग चाललेला असतो.

लेन्सची कुंडली थोडक्यात अशी. बाजारात आली १९९२ मध्ये, म्हणजे मी तबला सोडला त्याच्या आसपास. वजन ४२५ ग्रॅम, अर्धा किलो शेंगा चटणीच्या पुडक्याहूनही कमी. पुढच्या फिल्टरचा व्यास ५८ एमएम. जवळात जवळ ८५ सेंटीमीटरवर फोकस होतो, पण गवयाच्या तेवढं जवळ जाणारा माणूस पुन्हा कार्यक्रमाला बोलावला जात नाही. फोकसची मोटर झपकन आणि गुपचूप चालते. पहिल्या रांगेतल्यालाही ऐकू येत नाही. हात थरथरला तर सावरून घेणारी यंत्रणा यात नाही. तिची उणीव मला कधी भासली नाही, कारण ती सावरते माझा हात. हलतो तो तबलजीचा, आणि त्याला सावरायला शटरचा वेगच लागतो. हुड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर लावायचा आडोसा, वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि तो घ्याच. समोरून स्टेजचे झोतदिवे (पार लाईट) डोळ्यात मारत असतात. हुड नसेल तर सगळ्या फोटोवर ताकासारखा पांढरा थर चढतो.

पहिल्यांदा ही लेन्स चालवली ती हुतात्मा स्मृती मंदिरात, त्याच मार्चमध्ये. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले, त्यांच्या नावानं आमचं हे नाट्यगृह आहे आणि त्यांच्याच नावाची ती गाडी. जिनं लेन्स आणली आणि जिथं ती पहिल्यांदा उघडली, दोन्हींचं नाव एकच निघालं. तो कार्यक्रम ख्यालगायनाचा होता. मी मधोमध, पहिल्या रांगेपुढं जमिनीवर मांडी घालून बसले. मागून लगेच आवाज आला, "ओ ताई, डोकं खाली घ्या की, दिसंना झालंय." घेतलं. तासाभरानं घरी येऊन बघितलं तर पन्नासातल्या चाळीस फोटोंत गवयाच्या तोंडापुढं माईक. तोंडाच्या जागी काळा गोळा आणि वर दोन मिटलेले डोळे.

मधली जागा ही फोटोग्राफरची जागा नव्हे, एवढं कळायला मला एक कार्यक्रम लागला. पण डावी की उजवी, हे कळायला दोन वर्षं लागली. आणि या लेन्सबद्दल मला खरं जे सांगायचं आहे ते इथं सुरू होतं.

८५ एमएम ही चेहऱ्याची लेन्स. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर चार मीटरवरून आडवी चौकट धरली तर साधारण १.७ मीटर रुंद आणि १.१ मीटर उंच एवढाच तुकडा दिसतो. बसलेला एक गवई, त्याचे पसरलेले हात, झालं. उभी धरली तर त्याच्या मागचा तानपुरा खुंट्यांपर्यंत मावतो, पण पेटीवाला जातो, तबलजी जातो. सुरुवातीला मला हे आवडलं. एकेक चेहरा सुटा करून आणायचा, मागं लोण्यासारखा काळोख. दोन वर्षं असे चेहरे जमवले. एकदा सगळे ओळीनं लावून बघितले तेव्हा काहीतरी खटकलं. सगळेच एकटे वाटत होते. जणू प्रत्येकजण आपापल्या घरी बसून गातोय.

मैफलीत तसं नसतं हो. मी तबला अर्धवट शिकलेली बाई, पण एवढं मलाही ठाऊक आहे की समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, गाणाऱ्याची आणि तबल्याची गाठ पडते. मुखडा, म्हणजे समेकडं नेणारी बंदिशीची ओळ, उचलला की दोघं एकमेकांकडं बघतात, समेवर माना हलतात, समोर लोकांचे हात वर जातात. विलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण मिनिट सहज चालतं. त्या पाऊण मिनिटात गवई भिंतीकडं बघेल, छताकडं बघेल, डोळे मिटेल. सम जवळ आली की तबल्याकडं बघेल.

आता बसण्याची रीत आठवा. गाणाऱ्याच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला पेटी. म्हणजे प्रेक्षकांतून बघताना तबला डावीकडं. गवई समेवर वळतो तो त्या बाजूला. मी जर डावीकडं, तबलजीच्या जरा पुढं खाली बसले, तर तबल्याकडं बघणारा गवई जवळजवळ माझ्याकडंच बघतो. माईक त्याच्या तोंडावरून बाजूला सरकतो. आणि चौकटीच्या एका कडेला तबलजीचा खांदा धूसर होऊन येतो, म्हणजे दोघं एकाच फोटोत. हीच ८५ एमएम, तीच १.७ मीटरची चौकट, फक्त मी पाच-सहा फूट सरकले. तेव्हापासून माझी जागा ठरलेली आहे. सतारीचा कार्यक्रम असेल तर मात्र उलट. सतारीचा दांडा वादकाच्या डावीकडं जातो, त्याची नजर पडद्यांवर त्याच बाजूला असते, म्हणून मी प्रेक्षकांच्या उजव्या अंगाला जाते. बासरीला अजून मला नीट जागा सापडलेली नाही.

बटण कधी दाबायचं हेही तालच सांगतो. माझी बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा, आता कॅनन ६डी आहे, तीही जुनीच घेतलेली. हे मॉडेल २०१२ चं, २०.२ मेगापिक्सेल, सेकंदाला साडेचार फोटो. शेजारी कोणी नव्या पोरानं सेकंदाला वीस-वीसचा धडाका लावला की मला मागांची आठवण येते. मी सेकंदाला एकच काढते, पण मात्रा मोजून. मुखड्याला बोट तयार, समेला दाबायचं नाही, समेनंतरच्या अर्ध्या मात्रेला दाबायचं. समेवर चेहरा ताणलेला असतो, तो पुढच्या क्षणाला सुटतो. तो सुटलेला चेहरा हवा. तीनतालात हे सोपं. झपतालात दहा मात्रा, तेही जमतं. रूपकात माझी अजून फजिती होते. सात मात्रांच्या त्या तालात समेवरच काल (म्हणजे खाली, टाळी नसलेली मात्रा) असतो, ठेका 'तिं तिं ना' असा हलका सुरू होतो, आणि डग्ग्याचा (डाव्या हाताच्या मोठ्या वाद्याचा) घुमार ऐकून बोट दाबायची सवय लागलेली मी दर वेळी तीन मात्रा उशिरा.

शटरच्या आवाजाचंही एक. ६डीला हळू आवाजाची सोय आहे आणि ती चांगली आहे, पण आरसा उचलायचा म्हणजे 'खट्' होणारच. आलापीत, तबला थांबलेला असताना ती खट् तिसऱ्या रांगेपर्यंत जाते. म्हणून आलाप चालू असताना मी फोटो काढत नाही. नुसती ऐकते. ठेका धरला की सुरुवात. मिररलेस, म्हणजे आरसाच नसलेल्या, कॅमेऱ्यांना अजिबात आवाज न करता फोटो काढता येतो, ते बघून मलाही मोह झाला होता. एका ओळखीच्या पोराचा कॅमेरा एका संध्याकाळपुरता मागून घेतला. फोटो बिनआवाजाचे आले, आणि गवयाच्या पांढऱ्या झब्ब्यावर आडवे पट्टे आले, आमच्या कारखान्यातल्या टॉवेलवर असतात तसे.

त्या पट्ट्यांचं कारण दिवे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात. जुन्या हॅलोजनची तार तापलेली असायची, ती इतक्यात विझत नव्हती, म्हणून कळायचं नाही. एलईडी पटकन विझतो आणि पटकन पेटतो. मंद करताना तर कित्येक एलईडी आपल्याच वेगानं उघडझाप करतात. बिनआवाजाचं शटर चित्र एका दमात न वाचता वरून खाली ओळीओळीनं वाचतं, तेवढ्यात दिवा चार वेळा मिचकावतो, आणि झब्ब्याचा टॉवेल होतो. शटर शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर आणलं तर विजेच्या लुकलुकीपासून सुटका होते, दिव्याच्या स्वतःच्या उघडझापीपासून नाही. लेन्सचा यात काही दोष नाही. फक्त ज्यांना वाटतं की चांगली लेन्स घेतली की प्रश्न मिटला, त्यांच्यासाठी लिहिलं.

रंगांचं तर बोलूच नये. एका हॉलमध्ये (नाव नको, पुन्हा जायचंय) दिवेवाल्या मुलानं भैरवीला जांभळा, मारव्याला हिरवा आणि अभंगाला फिरता लाल दिवा लावला. लाल एलईडीत कॅमेऱ्याचा लाल रंग भरून वाहतो, बाकीचे दोन उपाशी राहतात, आणि चेहरा प्लास्टिकच्या बाहुलीसारखा सपाट येतो. मध्यंतरात त्याच्याकडं गेले. म्हटलं, "भाऊ, तोंडावर जरा पिवळा ठेवाल का?" तो म्हणाला, "ताई, पिवळा तर घरात पण असतो की." यावर काय बोलणार. ते सगळे फोटो मी कृष्णधवल केले.

उघड्या अपर्चरच्या आणखी दोन गोष्टी सांगते, त्या या वर्गातल्या बऱ्याच जुन्या लेन्सना लागू आहेत. एक म्हणजे एफ/१.८ वर चकचकीत कडांना जांभळी झालर येते: माईकची जाळी, साडीची जर, तबल्याच्या हातोडीचं लोखंड. एफ/२.२ च्या पुढं ती बरीच ओसरते, उरली तर संगणकावर एका चौकोनात खूण केली की जाते. दुसरी म्हणजे फोकसची खोली, म्हणजे पुढंमागं किती अंतरातलं स्पष्ट येतं ते. तीन मीटरवर एफ/१.८ ला पुढचंमागचं धरून तेरा सेंटीमीटर, वीतभरही नाही. दोन मीटरवर सहा, म्हणजे चार बोटं. ६डीचा मधला फोकस बिंदू अंधारात फार चांगला चालतो, कडेचे तितके नाहीत, म्हणून आपण मधल्या बिंदूनं डोळा धरतो आणि मग कॅमेरा वळवून चौकट लावतो. तीन मीटरवर दहा अंश वळवलं की फोकस डोळ्याच्या साडेचार सेंटीमीटर मागं जातो. डोळा गेला, कानातली कुडी लख्ख. माझ्याकडं एका गायिकेच्या कुड्यांचा अप्रतिम संग्रह आहे.

या खोलीवरूनच ती गोष्ट. २०२३ मध्ये एका कार्यक्रमानंतर साथीच्या तबलजींचा एक फोटो मला फार आवडला. सत्तरीचे गृहस्थ, शुक्रवार पेठेत राहतात, घरी मुलांना शिकवतात. चेहऱ्यावर घाम, उजव्या हाताची बोटं चाटेवर (तबल्याच्या काठावर) टेकलेली, एकेक सुरकुती मोजून घ्या. मागचं सगळं विरघळलेलं. एफ/१.८, आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) ३२००, शटर १/४००. मी तो १२×१८ मोठा करून घेतला आणि कौतुकानं घरी नेऊन दिला. त्यांनी चष्मा बदलला, खिडकीशी गेले, बराच वेळ बघितलं.

"उजवा झकास आलाय," म्हणाले. "डावा कुठं गेला?"

मी दाखवलं, हा काय, इथं मागं. मागं एक मातकट ढग होता.

"ताई, हा डग्गा व्हय? मला वाटलं उशी आहे." मग जरा थांबून, "बोल उजव्यावर असतात, पण घुमार डाव्याचा. डावा नसेल तर मी टिपऱ्या वाजवतोय असं दिसतं की."

बायकोनं आतून चहा आणला, तिला पण दाखवला. ती म्हणाली, छान आहे. ते म्हणाले, छान आहेच, पण डावा नाही.

घरी येईपर्यंत मला राग आला होता. एफ/१.८ साठी तर साडेसतरा हजार मोजले होते. लोक त्या विरघळलेल्या काळोखासाठीच ही लेन्स घेतात, आणि हे म्हणतात उशी! रात्री माळ्यावरून तबला काढला. वाद्या सैल झाल्या होत्या. डग्गा आणि तबला मांडून मधलं अंतर टेपनं मोजलं. मी जिथं बसते तिथून उजवा जवळ पडतो आणि डावा साधारण फूटभर मागं. तेरा सेंटीमीटरच्या खोलीत फूटभर अंतरावरची दोन वाद्यं कशी मावणार? तीन मीटरवर एफ/४ लावलं तर खोली तीस सेंटीमीटर होते. म्हणजे एक फूट. दोन्ही मावतात, काठोकाठ का होईना.

पण एफ/४ म्हणजे एफ/१.८ च्या पाचव्या हिश्शाचा प्रकाश. आयएसओ ३२०० चा १२,८०० करावा लागला आणि शटर थोडं खाली, १/३२० पर्यंत आणावं लागलं. १२,८०० ला ६डीच्या फोटोत रवाळपणा येतो, पण तो रवा बारीक असतो, तुपातल्या शिऱ्यासारखा. छापल्यावर तर खटकत नाही. पुढच्या कार्यक्रमात ते पुन्हा साथीला होते. द्रुत चालू असताना एफ/४ लावून पंधरा फोटो काढले. दोन चांगले आले. एकात दोन्ही हात, डाव्याचा तळवा डग्ग्यावर दाबून पुढं सरकवलेला, मींड काढतानाचा. तळव्याखाली पुडीवर पडलेली वळीसुद्धा दिसते. मागचा पेटीवाला आता पूर्ण विरघळत नाही, ओळखू येतो. त्याचं मला काही वाटेनासं झालंय. तो तिथं होताच की.

हा फोटो नेऊन दिला तेव्हा त्यांनी पुन्हा चष्मा बदलला आणि म्हणाले, "कपाळ पुसून घ्यायला पाहिजे होतं." पण टीव्हीच्या वर आता हाच आहे. पहिला कुठं आहे, मी विचारलं नाही.

तेव्हापासून माझा हिशेब असा झालाय. एकट्या गायकाचा चेहरा हवा असेल, आलापानंतरचा, तर एफ/२. गायक आणि कडेला तबलजीचा खांदा, एफ/२.८. हात हवे असतील, कुठल्याही वाद्यावरचे, एफ/४. एफ/१.८ मी फक्त अगदीच अंधार असेल तेव्हा उघडते. मग एफ/४ च वापरायचं तर झूमच का घेतली नाही, असं कोणी विचारेल. एक तर खाली उतरायला जागा लागते: जी लेन्स १.८ पर्यंत उघडते तिच्यावर चारला यायचं की नाही हे मी ठरवते, जी चारलाच सुरू होते ती माझ्यासाठी ठरवून बसलेली असते. दुसरं म्हणजे फोकस लागताना लेन्स पूर्ण उघडी असते, त्याचा फोकसला फायदा होतो, आणि डोळ्याला लावल्यावर दिसतंही उजेडात.

७०-२०० एफ/२.८ मी एकदा दोन दिवस भाड्यानं आणली होती. काम चोख आहे तिचं, पण जवळजवळ दीड किलो वजन आणि रंग पांढरा. ती घेऊन जमिनीवर सरकत गेले तर मागच्या रांगेतले आजोबा म्हणाले, "मालक, तोफ आणली काय?" मला मालक म्हणतायत बघून मी मागं वळले, तर ते ओशाळून हसले. गायिकाही दोनदा माझ्याकडं बघून थबकली. ८५ वाली काळी, बुटकी, कुणाच्या नजरेत येत नाही. ५० एमएम एफ/१.८ ही सगळ्यात स्वस्त, १६० ग्रॅमची, पैसे कमी असतील तर तिनंच सुरुवात करा. हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या ॲम्फी थिएटरसारख्या ठिकाणी, जिथं कलावंताच्या जवळ बसता येतं, तिथं ती ८५ पेक्षा बरी पडते. नवे मिररलेस घेणाऱ्यांसाठी कॅननची ८५ एफ/२ आहे, २०२० ची, तिला हात सावरायची यंत्रणा पण दिलीय. माझी जुनी ईएफ ॲडॉप्टर लावून त्या कॅमेऱ्यांवरही चालते, म्हणून विकायची घाई नाही.

पुण्याचे छायाचित्रकार सतीश पाकणीकर यांनी सवाई गंधर्व महोत्सवात टिपलेले कलावंत बघितले की वाटतं, फिल्मच्या त्या दिवसांत रोलमध्ये छत्तीस फोटो, कॅमेऱ्याच्या मागं स्क्रीन नाही, लगेच बघायची सोय नाही, आणि तरी प्रत्येकाचा हात जागेवर. मी एका संध्याकाळी दीडशे काढते आणि पाच ठेवते.

त्या पाचांचं पुढं काय होतं तेही ऐका. गेल्या वर्षी एका मंडळानं माझा फोटो न विचारता फ्लेक्सवर छापला. नाव घातलं नाही याचं एवढं नाही. पण मागचा तो काळोख, जो मी जमिनीवर दोन तास पाय मुडपून बसून मिळवला होता, तो कापून काढला आणि तिथं दोन कमळं, एक समई आणि ढगातून येणारे किरण चिकटवले. सात रस्त्याला तो फ्लेक्स पंधरा दिवस होता. रोज कामाला जाताना बघायचे. आता मी फोटो देताना छोटे करून देते, आणि पैसे आधी घेते.

घ्यावी का ही लेन्स? गाणं ऐकायला आवडत असेल तर घ्या. कारण झूम नसल्यामुळं एकदा जागा धरली की तिथून हलता येत नाही, दोन-तीन तास एकाच ठिकाणी बसावं लागतं. ज्यांना गाण्याचा कंटाळा आहे आणि फक्त फोटो हवेत त्यांनी झूम घ्यावी, म्हणजे लवकर घरी जाता येईल. जुनी घेणार असाल तर टॉर्च बरोबर न्या आणि गाडीत बसण्याआधी मारा. फोकसची रिंग हातानं फिरवून बघा, कुठं खरखर लागते का. हुड मागून घ्या, बहुतेक लोक तो हरवतात.

मी झाकण हरवते. आतापर्यंत तीन. शेवटचं गेल्या महिन्यात फडकुले सभागृहात, डावीकडून पहिल्या दोन रांगांच्या मधे कुठंतरी, तराणा चालू असताना घरंगळत गेलं. ५८ एमएमचं आहे, आतून पांढऱ्या पेनानं 'सम' लिहिलंय. कुणाच्या पायाला लागलं असेल तर पुढच्या कार्यक्रमाला घेऊन या, मी तिथंच बसलेली असते.